अक्षतांचा प्रवेश

आमच्या पुढच्या खोलीत एक बाई माझ्या नवऱ्याला झाडत होती, आणि ती पुढं काय बोलणार हे मला तिच्याआधी ठाऊक होतं.

"तुम्ही बोलायला लागलात की मला आमच्या मागाचा आवाज आठवतो. दिवसभर खटखट, आणि संध्याकाळी बघावं तर टॉवेल एक!"

सगळे हसले. शिवशरण सगळ्यांत मोठ्यानं. मी मधल्या खोलीत दार लोटून चिन्नीला पाजत बसले होते. हसण्याचा आवाज आला तशी तिनंही दूध सोडून मान वळवली आणि दाराकडं बघून बोळकं पसरलं. मला तिचासुद्धा राग आला.

कारण ते वाक्य माझं होतं.

नाटक मुळात इंग्रजी, अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचं. आईबाप गेलेली, इस्टेटीची एकटी मालकीण असलेली तिखट जिभेची मुलगी. मागणी घालायला येणारे सगळे तिच्याशी गोड बोलतात. एकच जण भांडतो, आणि शेवटी ती त्याच्याशीच लग्न करते. एम.ए.ला असताना आम्ही त्यातला एक प्रवेश गॅदरिंगला केला होता. ती मी, तो शिवशरण. भांडणाची तालीम करता करता आमचं खरंच जमलं. आता तो सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर आहे, आणि तो दिग्दर्शन करतो त्या हौशी नाट्यमंडळासाठी ते आख्खं नाटक मी मराठीत आणलं होतं. चिन्नी पोटात असताना सुरुवात केली, ती झाल्यावर ती झोपेल तेवढ्यात पुरं केलं. एका हातानं थोपटायचं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं फोनवर लिहायचं. तिकडच्या उमरावाच्या बागेतली मेजवानी मी हुरडा पार्टी केली. नायिकेला यंत्रमागांची मालकीण केलं. तिच्या तोंडी जे जे घातलं ते स्वतः मोठ्यानं म्हणून बघितलं, कारण ती मीच करणार होते.

पण चिन्नी माझ्याशिवाय कुणाकडं राहत नाही. दुसऱ्यानं घेतलं की काळीनिळी होईपर्यंत रडते. मग शिवशरणच म्हणाला, "आमच्या ऑफिसात एक नवीन मुलगी आलीय. संस्कृती. नातेपुत्याची. बोलते गावाकडचं, पण वाक्य दिलं की काय खणखणीत म्हणते!"

खणखणीत म्हणत होती. लग्नसराईमुळं मंडळाचा हॉल मिळेना, म्हणून तालमी आमच्या घरी यायला लागल्या, आणि रोज संध्याकाळी मला ते ऐकावं लागलं.

तालीम संपल्यावर तो जेवायला बसला. कडक भाकरी मोडत, शेंगांच्या चटणीवर तेल ओतत म्हणाला, "आज कंपनीच्या बसमध्ये काय धमाल आली माहितेय? मी काहीतरी सांगत होतो, तर संस्कृती म्हणते कशी, दिवसभर खटखट आणि टॉवेल एक! आख्खी बस हसली."

"ते मी लिहिलंय."

"हो गं. पण तिनं ते टाकलं कसं, ते बघायला पाहिजे होतं."

"मी बसमध्ये कशी असणार?"

"तेच तर," तो म्हणाला आणि आमटी मागितली.

चिन्नी झाल्यापासून आमच्यात असं टाकाटाकीचं बोलणं राहिलंच नव्हतं. गॅस संपत आला, डोस कधी आहे, आईंच्या गोळ्या आणल्या का. भांडणसुद्धा नाही. त्याच्याकडची सगळी भांडणं तो तालमीत खर्च करून यायचा आणि माझ्यासाठी शहाण्यासारखं वागणं शिल्लक ठेवायचा.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिसऱ्या अंकातलं ते वाक्य बसलं का तिचं? गोड मी कुणाशीही बोलते, भांडते फक्त तुमच्याशी?"

"फस्क्लास. तिथं टाळी आहे."

"कुठलं वाक्य आहे ते, आठवतंय?"

त्यानं घास थांबवला. "कुठलं म्हणजे? तिसऱ्या अंकातलं. आत्ताच तू म्हणालीस की."

ते तिसऱ्या अंकातलं नव्हतं. इंग्रजी नाटकात ते कुठंच नव्हतं. आमची पॅसेंजर होटगी स्टेशनात अडकून पडली होती, कॉलेजचं शेवटचं वर्ष, प्लॅटफॉर्मवर उन्हात उभं राहून त्यानं मला विचारलं होतं, "तू रोज माझ्याशी भांडतेस, कंटाळा नाही येत?" त्यावर मी ते म्हटलं होतं. मागणी त्यानंतर आली, बोलणी त्यानंतर झाली, पण लग्न माझ्या हिशेबानं होटगीलाच लागलं होतं. लिहिताना ते वाक्य आपोआप त्या बाईच्या तोंडी गेलं. माझ्याच हातानं मी ते दुसरीला दिलं होतं, आणि आता ती ते रोज संध्याकाळी माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणत होती.

"शेवट मात्र मला अजून पटत नाही," मी म्हटलं. "पाच अंक ती सगळ्यांना बोलून गार करते. लग्न लागलं की तिला एक शब्द नाही."

"मूळ नाटकात नाही ना?"

"नाहीच. तिकडं त्या काळी लग्न झालं की इस्टेट नवऱ्याची. जीभही त्यातच जात असणार."

"मग झालं तर. लग्न लागल्यावर बाई काय बोलणार? पडदा पाडायचा." आणि तो हात धुवायला उठला.

माझ्या सासूबाई, सुंदरम्मा, तालमीच्या वेळी पुढच्या खोलीतच पाट टाकून शेंगा सोलत बसायच्या. त्यांना मी अत्ती म्हणते. अत्ती अक्कलकोटकडच्या, घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन वर्षं झाली, पण उखाण्याशिवाय त्यांचं नाव अत्तींनी आजवर घेतलेलं नाही. त्यांना संस्कृती फार आवडली.

"लई ग्वाड पोरगी हाय गं," त्या आत येऊन मला सांगायच्या. "आपल्या शरण्याला कशी फाडफाड बोलती! तसंच पायजे त्याला."

"मीपण बोलायची की अत्ती."

"तू? कवा?" त्या खरंच विचारात पडल्या.

आणि एका संध्याकाळी त्यांनी ट्रंक उघडून स्वतःचं इरकल काढलं. हिरवंगार, लाल काठाचं, त्यांच्या लग्नातलं. माझ्या डोहाळजेवणालासुद्धा त्यांनी ते "नंतर बघू" म्हणून ठेवून दिलं होतं. ते त्यांनी संस्कृतीच्या खांद्यावर टाकून बघितलं. "लग्नाच्या परवेशाला हे नेस. कसं खुलतंय बघ भुवना, न्हाई?"

"खुलतंय," मी म्हटलं. खुलतच होतं, मेलं.

संस्कृती लाजली. "वहिनी, तुमी नेसून दावा ना कसं नेसायचं ते. मला नऊवारी येत न्हाई." मी चिन्नीला दूध पाजायचंय म्हणून आत गेले. चिन्नी ढाराढूर झोपली होती.

मग ती अक्षतांची गोष्ट झाली.

रविवारी सकाळी शिवशरणनं अत्तींपुढं ज्वारीची पिशवी ठेवली. "आई, अक्षता करून दे. जरा जास्तच कर."

"कुणाचं लगीन हाय?"

"माझं!" तो हसला. मग मांडी घालून बसला आणि उत्साहानं सांगायला लागला. शेवटच्या प्रवेशात लग्न दाखवायचं. प्रेक्षकांना दारातच अक्षता वाटायच्या. मंगलाष्टका सुरू झाल्या की आख्ख्या नाट्यगृहातून स्टेजवर अक्षता पडतील. "नाट्यस्पर्धेत असं कुणी केलेलं नाही अजून. बघच तू."

अत्तींचा हात हळदीच्या डब्यावर थांबला. "आन नवरी कोण?"

"संस्कृती."

"अंतरपाट?"

"खराच."

"मंगलाष्टका कोण म्हणतंय?"

"लग्नं लावणारे आपले स्वामी येणारेत. हौसेनं तयार झाले."

"साकु!" अत्ती म्हणाल्या. पुरे म्हणायचं झालं की त्यांना कन्नडच सुचतं. "लगीन झालेला बाप्या तू. घरात बायको, लेकरू. आन यवढ्या लोकांम्होरं दुसरीसंगं अक्षता घेतोस व्हय?"

"आई, नाटक आहे ते. खोटं असतं सगळं."

"नाटक खोटं आसंल. अक्षता खोट्या नसतात."

"अगं, पण मनातून थोडंच..."

"परवा गड्ड्याला कशावर टाकल्यास अक्षता?"

 संक्रांतीच्या यात्रेत आम्ही सगळेच गेलो होतो, चिन्नीला टोपरं घालून. तिथली कथा अशी, की कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांवर मन ठेवलं. ते ब्रह्मचारी, म्हणाले माझ्या योगदंडाशी लग्न कर. तेव्हापासून दरवर्षी ते लग्न लागतं आणि सगळं गाव अक्षता टाकतं.

"काठीच व्हती न्हवं ती?" अत्ती म्हणाल्या. "काठीवर अक्षता पडल्या की लगीन लागलं म्हणून आख्खं सोलापूर हात जोडतंय. काठीचं लागतंय, आन तुजं हाडामासाच्या माणसाचं लागायचं न्हाई?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "भुवी, तू तरी सांग आईला. तू शिकलेली आहेस."

मी चिन्नीची लंगोट बदलत होते. तिची गाठ त्या दिवशी काही केल्या बसेना.

"अत्ती म्हणतात त्यात चूक काय आहे?" मी म्हटलं.

निकाल अत्तींनीच दिला. "तुजं नाटक त्या पोरीसंगं कर. भांडा, हसा, काय वाट्टेल ते करा. अक्षता पडायच्या येळेला ही उभी ऱ्हाईल." ही म्हणजे मी. अक्षताच काढून टाकाव्यात तर शिवशरणचा जीव होईना. ती कल्पना त्याला फार प्रिय होती. शेवटी ठरलं, नवरी पदर खाली ओढून येईल, अंतरपाटामागं उभी राहील, अक्षता पडतील, अंतरपाट निघताच पडदा. लोकांना कळणारसुद्धा नाही.

मला इतका आनंद झाला की चिन्नीचे पाय धरून मी तिला सायकल चालवायला लावली. दुपारी ती झोपल्यावर फोनवर तो प्रवेश उघडून बघितला. नवरीच्या नावापुढं काहीच नव्हतं. उभं राहायचं, मान खाली. नवरा मला मिळाला होता, आणि बाकी सगळं नाटक तिलाच राहिलं होतं.

संध्याकाळी संस्कृती आली ती इरकलाची घडी हातात घेऊन. मी मनातल्या मनात भांडणाला सज्ज झाले. ती रडेल, रुसेल, मग मी मोठ्या मनानं समजूत काढीन, असं सगळं ठरवून ठेवलं होतं.

"बरं झालं वहिनी," ती म्हणाली. "माझी आई यायची हाय प्रयोगाला. तिच्यासमोर माझ्यावर अक्षता पडल्या असत्या तर तिनं तितंच गळा काढला असता. स्थळं बघायलीत घरात."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"त्यात काय वाईट? उभंच तर ऱ्हायचंय." मग तिनं जरा आवाज खाली आणला. "पर वहिनी, वाक्यं सगळी माझीच ऱ्हातील न्हवं? त्यातलं काय काढणार न्हाईत ना? मी रोज सकाळी भाकरी थापताना म्हणती. आमच्या घरात आजवर कुणी बाई आसं बोललेलीच न्हाई. लई भारी लिवलंय तुमी."

तिला माझा नवरा नकोच होता. तिला माझी वाक्यं हवी होती. हे कळल्यावर माझं पोट थंड व्हायला पाहिजे होतं. उलट जास्त जळलं. कारण नवऱ्यासाठी भांडता तरी आलं असतं.

"राहतील," मी म्हटलं. "सगळी तुझीच."

प्रयोगाच्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं. दारात मंडळाच्या पोरी कागदाच्या पुड्यांतून अक्षता वाटत होत्या. पहिल्या रांगेत अत्ती आणि संस्कृतीची आई शेजारी शेजारी बसल्या होत्या, पुड्या आत्तापासूनच मुठीत धरून. नवरी मी असणार हे त्या दोघींना ठाऊक होतं. मी इरकल नेसून, मुंडावळ्या बांधून, चिन्नीला कडेवर घेऊन विंगेत उभी. अडीच तास. प्रत्येक वाक्याला माझे ओठ हलत होते. मागाच्या वाक्याला हशा झाला. सोलापूरचंच वाक्य, सोलापूरचीच माणसं; एका म्हाताऱ्यानं तर "आगदी बरोबर!" म्हणून दाद दिली.

मग तिसरा अंक आला.

"गोड मी कुणाशीही बोलते," संस्कृती म्हणाली. जरा थांबली. तिथं थांबायचं मी लिहिलं नव्हतं. मी होटगीला थांबले होते. तिला कुणी सांगितलं? "भांडते फक्त तुमच्याशी."

टाळी पडली. आणि शिवशरणचं पुढचं वाक्य लगेच आलं नाही. तो तिच्याकडं बघतच राहिला, आणि मग एकदम विंगेकडं, अंधारात, मी होते त्या बाजूला त्यानं बघितलं. वाक्य विसरला असणार, असं मी स्वतःला सांगितलं. चिन्नीनं माझ्या मुंडावळ्या ओढल्या. मी तिचा हात जरा जोरातच सोडवला.

शेवटच्या प्रवेशाआधी संस्कृती घामेजून विंगेत आली आणि तिनं हात पुढं केले. "आणा तिला." दुसरं कुणीच नव्हतं. चिन्नी आता भोकाड पसरणार म्हणून मी श्वास धरला. चिन्नी गेली. नुसती गेली नाही, तिच्या नाकातल्या मोरणीला बोट लावून हसली.

मी पदर खाली ओढला आणि स्टेजवर गेले.

पदरातून फक्त अंतरपाटाखालचे त्याचे पाय दिसत होते. स्वामींनी मंगलाष्टका सुरू केल्या, खऱ्याच, खड्या आवाजात, आणि अंधारातून अक्षता आल्या. मी कल्पना केली होती त्यापेक्षा किती तरी जास्त. डोक्यावर, खांद्यावर, पदरावर, सरसर. लोक उभे राहून टाकत होते. आमच्या खऱ्या लग्नात इतक्या पडल्या नव्हत्या. अंतरपाट निघाला. वाजंत्री वाजली. आता पडदा.

"नाव घे की गं!"

अत्तींचा आवाज मी कुठंही ओळखला असता.

"व्हय की!" शेजारून संस्कृतीची आई ओरडली. "नाव घेतल्याबिगर कसलं लगीन!"

आणि मग मागच्या रांगांतून, बाल्कनीतून, बायकाच बायका. नाव घ्या! नाव घ्या! पडदा ओढणारा थांबला. वाजंत्रीही थांबली.

"गप्प उभी राहा," शिवशरण दातांतल्या दातांत पुटपुटला. "पडेल पडदा आत्ता."

तेवढं तो बोलला नसता तर मी गप्प उभी राहिलेही असते.

मी पदर वर केला.

पहिल्या काही रांगांतून आधी कुजबुज, मग हशा. "नवरी बदलली की रं!" कुणीतरी ओरडलं. "फसला गडी!" मी हशा ओसरू दिला. तेवढं मला अजून येत होतं.

"हुरड्यासंगं चटणी शेंगांची, कडक भाकरीवर लोणी,
शिवशरणरावांशी भांडायला माझ्याशिवाय नाही कोणी!"

नाट्यगृह उसळलं. अत्ती उभ्या राहून हातातल्या उरलेल्या अक्षता फेकत होत्या. मी बघत होते फक्त त्याच्याकडं. दिग्दर्शकाचा मुखवटा गळून पडला होता. त्याखाली तोच पोरगा होता, गॅदरिंगच्या स्टेजवरचा, पुढं काय बोलावं ते न सुचलेला आणि त्यामुळंच खूश.

"होटगीपासनं ऐकतोय हो," तो लोकांकडं वळून म्हणाला. "अजून दमली नाही!"

लोक हसले. होटगी का, ते त्यांना कळायचं कारण नव्हतं. गाडीचा विनोद असेल म्हणून हसले. 

"ऐकता कुठं?" मी म्हटलं. "नुसता हुंकार भरता!"

त्यावर पडदा पडला.

पडद्याआड त्यानं माझ्या केसांतली ज्वारी काढायला हात लावला. "तिसऱ्या अंकात आठवलं," तो म्हणाला. "एकदम. तू उन्हात उभी होतीस, छत्री माझ्याकडं होती."

"आणि तुम्ही दिली नव्हती."

"आता यावरून भांडणारेस?"

"भांडणार. घरी चला."

तो हसत लोकांना भेटायला गेला, आणि मी धावत विंगेत आले. दिव्याखाली खुर्चीवर संस्कृती बसली होती, रंग न पुसता. चिन्नी तिच्या खांद्यावर झोपली होती. माझ्याशिवाय कुणाकडं न राहणारी माझी चिन्नी, तोंड उघडं टाकून, तिच्या पदराचा काठ मुठीत घट्ट धरून.

"वहिनी, काय बोललात ओ!" ती हळूच म्हणाली. डोळे लाल होते तिचे. "ते शेवटचं... ते आधी का न्हाई लिवलंत? मी म्हणली आसती की."

तिच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. गेले कितीतरी दिवस तिच्या तोंडी माझी वाक्यं ऐकताना मी त्यातच जळत होते. मला तिची माया आली, खरंच आली. पण माझा हात आधी पुढं झाला होता.

"दे तिला."

"आत्ताच डोळा लागलाय वहिनी. ऱ्हाऊ द्या की जरा. उठंल."

मी चिन्नीची बोटं एकेक करून त्या पदरापासून सोडवली आणि तिला घेतलं. ती उठली, इकडंतिकडं बघितलं आणि आख्ख्या नाट्यगृहाला ऐकू जाईल असं रडायला लागली.

"बघा, उठली का न्हाई?" संस्कृती म्हणाली.

"उठू दे," मी म्हटलं, आणि तिला अक्षतांनी भरलेल्या पदराखाली घेतलं.